दोन दप्तरांची साक्ष

चाड सरोवराच्या पाणलोट क्षेत्राची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाच्या कचेरीत हिशेबनिसाची नोकरी करणारे सुलेमान गेंगगेंग नावाचे गृहस्थ 1988 च्या ऑगस्ट महिन्यात, सरकारच्या विरोधकांना साहाय्य केल्याच्या खोट्या आरोपावरून, इन्जामेना या चाडच्या राजधानीत पकडले गेले, तेव्हा त्यांचे नाव पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात लिहिले जाईल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. ते राजकारणी नव्हते, वकील नव्हते. देवभीरू, संसारी आणि आपल्या जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवणारे मनुष्य होते. कधी जिच्यात प्रकाशाचा किरणही येत नाही अशा, तर कधी जिच्यातला दिवा रात्रंदिवस विझत नाही अशा कोठडीत त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ काढला. त्यात त्यांची दृष्टी अधू झाली, आणि छळाने व रोगाने सोबतचे कैदी एकामागून एक मरताना त्यांनी त्याच अधू डोळ्यांनी पाहिले. त्या कोठडीत त्यांनी ईश्वराला स्मरून शपथ वाहिली, की येथून जिवंत बाहेर पडलो तर या माणसांना न्याय मिळावा म्हणून झटेन. 1 डिसेंबर 1990 रोजी चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे पदच्युत होऊन पळाला, तुरुंगांची दारे उघडली, आणि बाहेर आलेल्या गेंगगेंग यांनी आपल्या पेशाला साजेसेच काम हाती घेतले: ते माणसांच्या जबान्या लिहून घेऊ लागले. कोणाला केव्हा पकडले, कोठे ठेवले, कोणी मारले, कोण परत आला नाही, अशा एकंदर 792 पीडितांच्या कैफियती त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी जमविल्या.

युद्धातील अत्याचारांच्या सूत्रधारांना आंतरराष्ट्रीय न्यायासनासमोर खेचा, ही मागणी आपण वृत्तपत्रांतून वारंवार वाचतो. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, ठराव संमत होतात; आणि आरोपी मात्र कोठल्या तरी परक्या शहरात सुखाने नांदत असतो. त्यामुळे असल्या मागण्या म्हणजे दुर्बलांचा अरण्यात उठलेला आक्रोश, अशी पुष्कळांची समजूत झालेली असते. ही समजूत चुकीची का आहे, आणि लोकांच्या आक्रोशाची फिर्याद व फिर्यादीचा खटला नेमका कोणत्या वाटेने होतो, हे समजून घ्यायचे तर चाडमधील पीडितांनी पंचवीस वर्षे चालविलेल्या या झगड्याइतके उद्बोधक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

हाब्रे 7 जून 1982 रोजी बंडखोर सैन्याच्या बळावर राजधानीत शिरला आणि पुढे आठ वर्षे त्याचा अंमल चालला. उत्तरेकडून लिबियाचा गद्दाफी चाडवर चाल करून येत होता, आणि त्याला अडविणारा म्हणून अमेरिका व फ्रान्स या दोन्ही सत्तांनी हाब्रेला शस्त्रे, पैसा व प्रशिक्षण पुरविले. आपण पोसत असलेला मनुष्य स्वतःच्या प्रजेशी कसा वागतो, याची चौकशी करण्याची गरज त्यांना वाटली नाही. जानेवारी 1983 मध्ये हाब्रेने फर्मान काढून ‘दस्तऐवज व सुरक्षा संचालनालय’ या निरुपद्रवी नावाचे गुप्त पोलिसांचे खाते निर्माण केले आणि ते थेट अध्यक्षांच्या हुकमतीखाली ठेवले. हाच तपशील पुढे त्याच्या गळ्याशी आला. 1984 मध्ये दक्षिणेकडील जनतेवर, 1987 मध्ये हजराई जमातीवर आणि 1989 मध्ये झघावा जमातीवर, पुढाऱ्यांच्या बंडाचा सूड म्हणून, सरसहा अत्याचार झाले. फ्रेंच अमदानीतला एक पोहण्याचा तलाव वरून काँक्रीटने बंदिस्त करून, आत भिंती घालून, त्याच्या जमिनीखालच्या कोठड्या करण्यात आल्या होत्या. त्या तुरुंगाला लोक ‘ला पिसीन’ म्हणजे ‘तलाव’ असेच म्हणत. दोन्ही हात व दोन्ही पाय पाठीमागे एकत्र करकचून आवळण्याचा जो छळाचा प्रकार तेथे रूढ होता, त्याला ‘अर्बाताशार’ असे नाव पडले होते. क्लेमाँ अबाइफुता नावाच्या एका तरुण कैद्याकडे मेलेल्या सोबत्यांना शहराबाहेरच्या माळावर नेऊन पुरण्याचे काम लावून दिले होते, आणि असे शेकडो देह त्यांनी आपल्या हातांनी मातीआड केले. हाब्रेच्या पतनानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने 1992 मध्ये जो अहवाल दिला, त्यात बळींचा आकडा अदमासे 40,000 धरलेला आहे.

अहवाल प्रसिद्ध झाला आणि फडताळात गेला. हाब्रे सेनेगलच्या डाकार शहरात प्रतिष्ठित पाहुण्याप्रमाणे राहू लागला, आणि चाडमध्ये त्याच्या गुप्त पोलिसांतले कित्येक अंमलदार नव्या राजवटीत पुन्हा मानाच्या जागा पटकावून बसले. ज्याने मारले तोच आता ठाण्यावर साहेब, अशी गत झाली. 792 जबान्यांचे ते दप्तर गेंगगेंग यांनी आपल्या घरात दडवून ठेवले, आणि ते तेथे वर्षानुवर्षे पडून राहिले. परंतु दडवलेले दप्तर नष्ट झालेले नसते, आणि सारे रहस्य त्यातच आहे.

16 ऑक्टोबर 1998 रोजी चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याला, स्पेनमधील एका न्यायाधीशाच्या वॉरंटावरून, लंडनच्या इस्पितळात अटक झाली. पुढे प्रकृतीच्या कारणास्तव त्याची सुटका झाली हे खरे. तथापि एका देशातील अत्याचारांबद्दल दुसऱ्या देशाचे न्यायालय तिसऱ्या देशात आरोपीला पकडू शकते, हे जगाने प्रत्यक्ष पाहिले. चाडमधील वकील डेल्फिन जिराइब यांनी ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेकडे साहाय्य मागितले, त्या संस्थेचे रीड ब्रॉडी हे वकील कामाला लागले, गेंगगेंग यांनी आपले दप्तर बाहेर काढले, आणि जानेवारी 2000 मध्ये चाडच्या पीडितांनी स्वतः डाकारला जाऊन तेथील न्यायालयात फिर्याद गुदरली.

येथे कायद्याचे तत्त्व थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयाने त्याचा निवाडा करावा, हा सर्वसाधारण नियम होय. परंतु काही गुन्हे इतके घोर असतात, की त्यांनी केवळ एका राज्याच्या शांततेचा नव्हे, तर सबंध मानवजातीचा अपराध होतो, आणि म्हणून आरोपी जेथे सापडेल तेथील न्यायालयाला त्याची चौकशी करण्याचा अधिकार पोचतो, असे मानले जाऊ लागले. या तत्त्वाला सार्वत्रिक अधिकारिता म्हणतात. पूर्वी समुद्रावरील चाचेगिरीला हा न्याय लावीत. 1949 च्या जिनिव्हा करारांनी तो युद्धातील गंभीर गुन्ह्यांना लावला, आणि 1984 मध्ये संयुक्त राष्ट्रांत संमत झालेल्या छळविरोधी कराराने छळाच्या गुन्ह्याला. या करारावर सही करून तो मंजूर करणाऱ्या राज्यावर एक स्पष्ट जबाबदारी येते: आरोपी आपल्या भूमीवर असेल तर एक तर त्याच्यावर खटला भरा, नाही तर जो खटला भरू इच्छितो त्याच्या तो हवाली करा. तिसरी वाट नाही. सेनेगलने हा करार 1986 मध्येच मंजूर केलेला होता.

कोणी विचारील, की यासाठी हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय नव्हते काय? त्या न्यायालयाची सनद 17 जुलै 1998 रोजी रोम येथे स्वीकारली गेली आणि 1 जुलै 2002 पासून अंमलात आली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना हात घालण्याचा अधिकार त्याला नाही. हाब्रेची कारकीर्द 1990 मध्येच संपली होती. तेव्हा चाडच्या पीडितांना उभे राहण्यासाठी तयार दरबार कोठेच नव्हता. तो त्यांना मागून, भांडून, बांधवून घ्यावा लागला.

3 फेब्रुवारी 2000 रोजी डाकारचे न्यायाधीश देंबा कांजी यांनी हाब्रेवर आरोप ठेवला आणि पीडितांच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले. तो आनंद पाच महिने टिकला. सेनेगलमध्ये सत्तांतर झाले, वरिष्ठ न्यायालयाने प्रकरण काढून टाकले, आणि परदेशात घडलेल्या छळाचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्या कायद्यात नाही असे 20 मार्च 2001 रोजी तेथील सर्वोच्च पीठाने ठरविले. फिर्यादी तोवर बेल्जियमकडेही वळले होते, कारण त्या देशाचा कायदा त्या काळी या बाबतीत सर्वांत उदार होता आणि फिर्यादींपैकी काहीजण बेल्जियमचे नागरिक होते.

या निराशेच्या दिवसांतच, मे 2001 मध्ये, एक विलक्षण घटना घडली. इन्जामेनामधील गुप्त पोलिसांच्या ओसाड पडलेल्या मुख्य कचेरीत ब्रॉडी व त्यांचे सहकारी शिरले, आणि पाहतात तो खोल्यांच्या जमिनीवर धुळीत कागदच कागद पसरलेले. कैद्यांच्या रोजच्या याद्या, चौकशीचे अहवाल, हेरांची पत्रे, मृत्यूचे दाखले: दहा वर्षे कोणी हात न लावलेले हजारो कागद तेथे लोळत होते. जुलमी राज्ययंत्रणेलाही शिरस्ता लागतो. वरच्याला कळवायचे तर लिहावे लागते, आणि लिहिले की प्रत राहते. त्या कागदांची छाननी झाली तेव्हा 12,321 पीडितांची नावे मिळाली, त्यांपैकी 1,208 जण कोठडीतच मेल्याची नोंद होती, आणि 898 कैद्यांसंबंधी 1,265 पत्रे या खात्याकडून थेट हाब्रेला गेलेली होती. गेंगगेंग यांनी लोकांच्या तोंडून लिहून घेतलेले एक दप्तर, आणि छळ करणाऱ्यांनी आपल्याच हातांनी लिहिलेले हे दुसरे. एकातील माणसाचे नाव दुसऱ्यातील यादीत सापडू लागले. मारलेल्याची तक्रार आणि मारणाऱ्याची नोंद एकमेकींशी रुजू झाल्यावर, ज्याला आजवर अफवा म्हणून झटकून टाकता येत होते, त्याचा पुरावा झाला.

या पुराव्याची किंमत माणसांनी मोजली. पीडितांच्या वकील जॅकलिन मुदेइना या जून 2001 मध्ये फ्रेंच वकिलातीसमोर महिलांच्या शांततामय निदर्शनात उभ्या असताना पोलिसांनी फेकलेल्या हातबाँबने जबर जखमी झाल्या. त्या तुकडीचा प्रमुख हाब्रेच्या सुरक्षायंत्रणेतला जुना अंमलदार होता. परदेशात दीर्घकाळ उपचार घेऊन त्या परतल्या आणि पुन्हा त्याच खटल्याचे काम पाहू लागल्या. गेंगगेंग यांना नोकरीला मुकावे लागले आणि धमक्यांपायी देश सोडून अमेरिकेत जावे लागले.

पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात अशी वणवण होती; तिचा प्रत्येक तपशील सांगत बसण्याचे प्रयोजन नाही, पण तिची दिशा ध्यानात घेतली पाहिजे. बेल्जियमच्या न्यायाधीशाने स्वतः चाडमध्ये जाऊन साक्षी घेतल्या, आणि सप्टेंबर 2005 मध्ये हाब्रेविरुद्ध अटकेचे वॉरंट काढले. मे 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने, गेंगगेंग आदींच्या अर्जावर, सेनेगलने कराराचा भंग केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जुलैत आफ्रिकी संघाने बांजूल येथे ठराव केला, की आफ्रिकेच्या वतीने सेनेगलनेच हा खटला चालवावा. सेनेगलने कायदा बदलला, मग खर्चाची सबब पुढे केली, आणि वर्षे जात राहिली. अखेर बेल्जियमने हेगच्याच, पण राज्याराज्यांतील तंट्यांचा निवाडा करणाऱ्या, आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि 20 जुलै 2012 रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला, की सेनेगलने आता विलंब न लावता खटला चालवावा, न चालविल्यास आरोपीला हवाली करावे. त्याच वर्षी सेनेगलमध्ये मॅकी सॉल अध्यक्ष झाले होते. त्यांच्या सरकारने आफ्रिकी संघाशी करार करून सेनेगलच्या न्यायव्यवस्थेतच ‘आफ्रिकी असाधारण न्यायपीठ’ स्थापन केले. त्याचा सारा खर्च सुमारे 86 लाख युरो होता, म्हणजे इतर आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या मानाने अगदी अल्प.

20 जुलै 2015 रोजी खटला उभा राहिला. शुभ्र झगा व शिरोवेष्टन ल्यालेला, काळा चष्मा घातलेला हाब्रे न्यायालयाचा अधिकारच मानावयास तयार नव्हता, तेव्हा शिपायांनी त्याला उचलून आत आणून बसविले. त्यानंतर महिनोन्‌महिने तो एक अक्षर बोलला नाही. त्याच्यासमोर 93 साक्षीदार बोलले. वाळवंटातल्या लष्करी तळावर सैनिकांच्या उपभोगासाठी पाठविल्या गेलेल्या स्त्रियांनी, आजवर घरातही न उच्चारलेली हकीकत, भर न्यायालयात सांगितली. आणि कागदही बोलले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने आजारी युद्धकैद्यांना इस्पितळात हलविण्याची विनंती केली होती, त्या पत्रावर, यापुढे मृत्यूखेरीज कोणत्याही कारणाने कोणाही युद्धकैद्याला तुरुंगाबाहेर नेऊ नये, अशा अर्थाचा शेरा होता. तो हाब्रेच्या हातचाच आहे, असे हस्ताक्षरतज्ज्ञाने न्यायालयात सांगितले. शरण आलेल्या शत्रूला औषध नाकारणे हा जिनिव्हा करारांचा उघड भंग होय. आणि वरिष्ठ म्हणतो ‘मला ठाऊक नव्हते’, हा जो अशा प्रत्येक खटल्यातील हुकमी बचाव, तो त्या एका ओळीच्या शेऱ्याने कोसळला.

30 मे 2016 रोजी बुर्किना फासोचे ग्बेर्दाओ गुस्ताव्ह काम यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने हाब्रेला मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे व छळ यांबद्दल जन्मठेप सुनावली. अपिलात, त्याने स्वतः बलात्कार केल्याचा ठपका तेवढा रद्द झाला. बाकीची शिक्षा 27 एप्रिल 2017 रोजी कायम झाली. एका देशाच्या माजी राज्यकर्त्याला दुसऱ्या देशाच्या न्यायालयाने अशा गुन्ह्यांबद्दल दोषी ठरविण्याची ही जगातील पहिलीच वेळ होती. ऑगस्ट 2021 मध्ये, शिक्षा भोगत असतानाच, कोविडने हाब्रेचा डाकारमध्ये मृत्यू झाला.

अशा खटल्यांवरचा गंभीर आक्षेप आपण भारतीयांनी तरी विसरता कामा नये, कारण तो विस्ताराने मांडणारा न्यायाधीश आपलाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोला जपानी पुढाऱ्यांवर जो खटला चालला, त्यात कलकत्त्याचे राधाविनोद पाल यांनी हजाराहून अधिक पृष्ठांचे भिन्नमत लिहून, जेत्यांनी जितांचा केलेला हा न्याय कायद्याला धरून नाही, असे प्रतिपादन केले आणि सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. हाब्रेच्या बाबतीतही, त्याला शस्त्रे पुरविणाऱ्या सत्तांपैकी कोणालाही जाब विचारला गेला नाही. त्याचा एके काळचा सेनापती इद्रिस देबी, ज्याच्या हाताखालील सैन्याने 1984 मध्ये दक्षिणेत हैदोस घातला, तो 2021 मध्ये मरेपर्यंत चाडचा अध्यक्ष होता. हा न्याय अपुरा होता, यात संशय नाही. परंतु येथे फिर्यादी जेते नव्हते. ते विधवा, अनाथ आणि तुरुंगातून कसेबसे वाचलेले लोक होते, आणि न्यायाधीश त्यांच्याच खंडातले होते. पाल यांना जो दोष दिसला, त्यावरचा उपाय न्याय सोडून देणे हा नसून तो पीडितांच्या हाती देणे हा आहे, असे मला या खटल्यावरून वाटते.

या प्रकरणी आपल्या देशाची स्थितीही वाचकांना ठाऊक असावी. जिनिव्हा करारांचे गंभीर उल्लंघन भारतात किंवा भारताबाहेर कोणीही केले तरी तो शिक्षेस पात्र होईल, असा कायदा आपल्या संसदेने 1960 मध्ये केला आहे. रोम सनदेवरच्या मतदानात मात्र भारत तटस्थ राहिला, आणि छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही करूनही आपण तो अद्याप मंजूर केलेला नाही. ज्या कराराच्या आधाराने चाडमधील एका हिशेबनिसाने एका हुकूमशहाला गजाआड केले, त्या करारावरची आपली सही अशी अर्धवट राहावी, हे या देशाला शोभणारे नाही. ती पुरी करावी अशी मागणी आपणही केली पाहिजे.

आणि ज्यांनी हे सारे घडवून आणले, त्यांचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. अपिलाच्या निकालाने 7,396 पीडितांना भरपाईस पात्र ठरवून सुमारे 82 अब्ज सेफा फ्रँक देवविले; चाडच्या न्यायालयानेही 2015 मध्ये गुप्त पोलिसांतल्या वीस जणांना शिक्षा देऊन भरपाईचा वेगळा हुकूम केला. 2024 मध्ये चाड सरकारने हजारो पीडितांना एक अल्प अंश वाटला, तोवर त्यांतले अनेकजण वाट पाहून वारले होते. उरलेली रक्कम येणे आहे. ती हयात फिर्यादींच्या आणि मृतांच्या वारसांच्या हाती पडेपर्यंत हा खटला निकाली निघाला, असे म्हणता येणार नाही.